शूटिंगपुरते बूट

तुरुंगातल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांसाठी व्हिडिओ करायचेत, असा फोन आला तेव्हा मी धाराशिवात एका डोहाळजेवणाचं शूटिंग करत होते. झोपाळ्याला फुलं बांधणं चाललं होतं आणि स्पीकर एवढा मोठा होता की मला आधी ‘तरुणांच्या स्वयंपाकघरात’ असं ऐकू आलं. बाहेर पायरीवर जाऊन पुन्हा विचारलं. पुण्याच्या एका एजन्सीतल्या मॅडम बोलत होत्या. कारागृहात जे बंदी, म्हणजे कैदी, स्वयंपाकाचं काम करतात त्यांना दाखवायला छोटे छोटे व्हिडिओ हवे होते. हात कसे धुवायचे, धान्य कसं ठेवायचं, उकळतं भांडं कसं उतरवायचं. मी बीजप्रक्रियेवर आणि शाळेतल्या पोषण आहारावर केलेले व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. “तुमची भाषा साधी असते, तीच आम्हाला हवी आहे,” त्या म्हणाल्या.

मला बरं वाटलं, हे कबूल करते. लग्नं आणि बारशी करून करून माणूस कॅमेऱ्यामागं झोपायला लागतो. इथं कुणाच्या तरी उपयोगाचं काहीतरी होणार होतं. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, तर तोही खूश झाला. आमच्या स्टुडिओत प्रकाशाचं आणि आवाजाचं तो बघतो, बाकीचं मी.

आत शूटिंग करायला परवानगी मिळणार नाही, हे लवकरच कळलं. मग येडशीच्या अलीकडं एका संस्थेचं बंद पडलेलं वसतिगृह होतं, त्याचं स्वयंपाकघर मिळवलं. मोठी चूल, सिमेंटचे ओटे, उंचावर गज लावलेल्या खिडक्या. तुरुंगासारखं दिसायला फारसं काही करावं लागलं नाही. आम्ही भिंतीला चुना मारला, खाली करड्या रंगाचा पट्टा ओढला. रामलिंगाच्या देवळाकडची माकडं खिडकीतून आत येऊन गुळाची ढेप घेऊन गेली, तेवढी एक अडचण झाली.

मॅडमना समोर नट नको होता. “आतलं काम खरंच केलेलं कुणी मिळालं तर बघा,” त्या म्हणाल्या. माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी एक माणूस सुचवला. ईटजवळच्या एका खेड्यात त्याची खव्याची भट्टी होती. बांधावरून भावकीत मारामारी झाली, एकाला जबर लागलं, आणि हा नि याचा धाकटा भाऊ दोघंही आत गेले. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षं गेली. कोर्टानं याला निर्दोष सोडलं, धाकट्याला शिक्षा झाली. आत असताना याला भिशीत काम होतं. भिशी म्हणजे तुरुंगातलं स्वयंपाकघर, हे मला त्याच्याकडूनच कळलं. तोवर भिशी म्हटलं की आम्हा बायकांची दर महिन्याची भिशी, एवढंच मला ठाऊक. धाकटा आता शिक्षा भोगत दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या तुरुंगात होता, आणि त्यालाही भिशीतच लावलं होतं. कोणता तुरुंग ते मी लिहीत नाही.

मी त्या माणसाला दादा म्हणायचे. तो मला ताई म्हणायचा. पहिल्या भेटीत त्यानं एकच गोष्ट विचारली.

“ह्यो पिक्चर माझ्या धाकट्याला दाखिवतेल का?”

“त्यांना दाखवायलाच तर करतोय, दादा.”

“मग करतो. वरीस झालं, मुलाखतीला गेलं की जाळीतनं नुसतं तोंड दिसतंय त्येला माझं. पडद्यावर तरी धड दिसंल.”

शूटिंगच्या दिवशी तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस काळे करून आला. रंगाचा डाग कानाच्या पाळीवर राहिला होता. त्याला कॅमेऱ्याची भीती अशी नव्हती, उलट जरा हौसच होती. पहिलं वाक्य त्यानं प्रचारसभेत बोलतात तसं हात उंचावून म्हटलं. आम्ही हसलो, तोही हसला. मॅडम पुण्याहून गाडीनं आल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून टोपी काढली, तर दादाचा चेहरा एकदम उतरला.

“आत व्हती तसली टोपी म्या पुन्यांदा घालनार न्हाय.”

“अहो, ही स्वयंपाक्याची टोपी आहे. केस पडू नयेत म्हणून.”

त्यानं ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, आणि बऱ्याच वेळानं डोक्यावर ठेवली. त्यानंतर दिवसभर तो तिला सारखा हात लावत होता.

सगळ्यात अवघड गरम भांड्याचा सीन. तुरुंगात वरणाची डेग दोन माणसांना उचलावी लागते, एवढी मोठी. आम्ही डेगीत हळदीचं गार पाणी ओतलं होतं आणि मागं किटली लपवून तिची वाफ वर सोडत होतो. दादानं काय काय घालायचं ते एजन्सीनं खोक्यातून पाठवलं होतं. गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, जाड एप्रन, आणि जमिनीवर अंथरायला भोकाभोकांची रबरी चटई, पाय घसरू नये म्हणून. दादानं बूट चढवले आणि लहान मुलासारखा स्वयंपाकघरात फेऱ्या मारायला लागला.

“लई भारी हायेत. आता तिकडं आत ह्येच देनार व्हय?”

मॅडम फोनवर होत्या. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की थांबा म्हणून ते कळलं नाही. दुपारी डबे उघडल्यावर मीच विचारलं.

“मॅडम, आतल्या लोकांना हे बूट मिळतात का?”

“मिळायला हवेत. आपण आदर्श पद्धत दाखवतोय. पुरवठा हा आपला विषय नाही.”

“मग बूट नसतील तर काय करायचं, तेही एक सांगूया का? फरशी आधी कोरडी करा, पोतं टाका, नाहीतर भांडं उचलूच नका, असं?”

“नसतील तर, असं आपण बोलूच शकत नाही. नसतात असा अर्थ होईल त्याचा.”

त्या बोलल्या ते शांतपणे, समजावून सांगावं तसं. मी माझा डबा पुढं ओढला. काम त्यांचं होतं, शब्द त्यांचे होते, आणि मंजुरी त्यांच्याही वरून येणार होती.

दादाला म्हणायचं होतं: “बूट घातल्याशिवाय गरम भांड्याजवळ जायचं नाही. भांडं दोघांनी उचलायचं. घाई करायची नाही.” तो दर वेळी ‘न्हाय’ म्हणायचा. मॅडम दर वेळी थांबवायच्या. मी म्हटलं, राहू दे ना, याच भाषेसाठी तर आपण आलो. पण त्यांना साधी भाषा म्हणजे पुण्याची साधी भाषा हवी होती. शेवटी दादानं एकदा दात आवळून ‘नाही’ म्हटलं आणि तोच टेक धरला गेला. त्यात त्याचा आवाज कठोर आला होता, रागावल्यासारखा. संपल्या संपल्या मॅडमनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, “बूट, मोजे, चटई सगळं मोजून खोक्यात भरा. पुढच्या शूटला लागणार आहे.” कॅमेरा अजून चालू होता.

व्हिडिओ गेले. काही महिन्यांनी दादाचा फोन आला. मुलाखतीहून परतताना एसटी स्टँडवरून बोलत होता, मागं गाड्यांची नावं पुकारणं चाललं होतं.

“ताई, बगितला धाकट्यानं! टीव्ही लावून भिशीतल्या समद्यांना बसवलं व्हतं म्हनं. बाकीचे म्हनले, आरं, ह्यो तर तुझा भाऊ! लई ऐटीत व्हता आज. इचारत व्हता, तुला दिलते तसले बूट आमाला कवा मिळतेल?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्या म्हनलं, येतेल की. पिक्चर आला म्हंजे मागनं बूट बी येतेल.”

बूट आले नाहीत. उन्हाळा संपत आला होता तेव्हा एके दिवशी दुपारी दादा स्टुडिओत आला. आमच्याकडं पासपोर्ट फोटो काढायला आलेली माणसं बसली होती. तो त्यांच्यात जाऊन बसला, जणू त्याचाही नंबर लागायचा होता. मी हाक मारली तरी उठेना. लोक गेल्यावर बोलला.

धाकटा आणि अजून एक जण वरणाची डेग चुलीवरून उतरवून वाटपाच्या जागेकडं नेत होते. फरशी नुकतीच धुतलेली. पायात नेहमीच्या रबरी चपला. धाकट्याचा पाय सरकला, डेग त्याच्या बाजूला कलली आणि उकळतं वरण मांड्यांपासून खाली दोन्ही पायांवर आलं.

“चप्पल पायालाच चिकटली व्हती, ताई. दवाखान्यात कातरून काढली.” तो माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या नवरा-नवरीच्या फोटोंकडं बघत सांगत होता. “सरकारी दवाखान्यात हाय. दारात पोलीस बसलाय. पळून जाऊ न्हाय म्हनून. त्येला उभं ऱ्हाता येईना अन् दारात पोलीस.”

पुढं काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. धाकट्याच्या बायकोनं त्याच वकिलांमार्फत तुरुंगाच्या वरिष्ठांकडं अर्ज केला. चौकशी व्हावी आणि पाय वाचतील असे उपचार व्हावेत, एवढंच मागणं होतं. त्याचं उत्तर आलं तेव्हा दादा पुन्हा स्टुडिओत आला. वकिलांनी त्याला वाचून दाखवलं होतं, पण एक शब्द त्याच्या डोक्यात अडकून बसला होता.

“ताई, दृक्‌श्राव्य प्रशिक्षण म्हंजे काय?”

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तो म्हणाला, “त्यात लिव्हलंय, ह्या बंद्याला दृक्‌श्राव्य प्रशिक्षण दिलं व्हतं. त्यानं सूचना पाळल्या न्हायीत. त्याच्या निष्काळजीपनानं झालं.”

“दादा, तो आपला व्हिडिओ.”

तो कॉम्प्युटरकडं बघत म्हणाला, “लावा बरं.”

मी नको म्हणत होते, पण त्यानं ऐकलं नाही. मी कॉम्प्युटरवर लावला. पडद्यावर तो आला, काळे केस, पांढरा एप्रन, कोपरापर्यंत मोजे. किटलीची वाफ हळदीच्या पाण्यावरून वर चालली होती. कॅमेरा खाली बुटांवर गेला, पुन्हा चेहऱ्यावर आला, आणि तो त्या कठोर आवाजात म्हणाला, बूट घातल्याशिवाय गरम भांड्याजवळ जायचं नाही.

“म्याच सांगतोय की त्येला,” दादा म्हणाला. “माझ्याच तोंडानं सांगतोय. उद्या समदे म्हनतेल, थोरल्या भावानं सांगितलं तरी ह्यानं ऐकलं न्हाय.”

त्यानं स्वतःच हात पुढं करून पडदा झाकायचा प्रयत्न केला. कसा बंद करायचा ते त्याला माहीत नव्हतं. मी बंद केला. माझ्या नवऱ्यानं आतून पाणी आणलं, ते त्यानं घेतलं नाही.

तो गेल्यावर मी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं असावं, आवाजावरून तरी तसं वाटलं.

“पण यात तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “व्हिडिओत काहीच चूक नाही. उलट, सगळं बरोबरच सांगितलंय आपण.”

आजही भाजी चिरताना, गाडी चालवताना मला ते वाक्य आठवतं आणि तोंड कडू होतं. सगळं बरोबरच सांगितलं होतं. बूट नसलेल्या माणसाला बूट घाल म्हणून सांगितलं, आणि तो भाजला तेव्हा ते सांगणंच त्याच्या अंगावर घातलं.

माझ्याकडं कच्चं शूटिंग होतं. त्यात मॅडमचा आवाज होता, बूट मोजून परत भरायचे, पुढच्या शूटला लागणार. मी ते वकिलांना नेऊन दिलं आणि काय घडलं ते लेखी सांगितलं. वकील वयस्क, सावध माणूस. म्हणाले, “बाई, यानं तुमचं काम जाईल, आणि याचा फार उपयोग होईल असंही मला वाटत नाही.” मी म्हटलं, तुम्ही अर्जासोबत द्या. नवऱ्याला विचारलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, “दिलं ते बरं केलं.” त्या काळात कुणीतरी माझ्या बाजूनं बोललेलं तेवढंच.

पुढं चौकशी लागली आणि चौकशी अधिकाऱ्यांनी मलाही बोलावलं. साहेब नम्र होते. चहा मागवला, पंखा माझ्याकडं वळवला. व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं,

“हे चित्रीकरण कुठलं?”

“येडशीजवळचं. बंद वसतिगृहातलं.”

“म्हणजे कारागृहातलं नाही.”

“नाही.”

“मग तिथल्या भिशीत बूट होते की नव्हते, हे यावरून कसं सिद्ध होणार?”

“साहेब, मग तिथल्या माणसाला शिकवलं होतं, हे तरी यावरून कसं सिद्ध होतं? व्हिडिओ तोच आहे.”

“तो तिथं दाखवलेला आहे ना,” ते म्हणाले. “दाखवलेला आहे, याबद्दल वाद नाही.”

बूट होते का, असं मी सरळ विचारलं. मागणी वर गेलेली आहे, असं उत्तर मिळालं. चहा थंड झाला होता, तो मी तसाच ठेवला. बाहेर आल्यावर उन्हात उभी राहून मी विचार करत होते की साहेब खोटं एक अक्षर बोलले नव्हते. मॅडमही खोटं बोलल्या नव्हत्या. इतक्या खरं बोलणाऱ्या माणसांमध्ये एका माणसाचे पाय जळाले, आणि ठपका त्या पायांवरच ठेवला गेला.

एजन्सीची नोटीस आली, शूटिंग त्यांच्या मालकीचं होतं आणि मी ते परवानगीशिवाय दिलं म्हणून. त्यापुढं त्यांनी काही केलं नाही. करायची गरजही पडली नाही. सरकारी व्हिडिओंची कामं माझ्याकडं यायची थांबली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. जे आधी स्वतःहून फोन करायचे, ते आता भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करायचे. मी पुन्हा झोपाळ्यांचं आणि वरातींचं शूटिंग करू लागले. चौकशीचा निकाल काय लागला ते आम्हाला कधी कळवलं गेलं नाही. वकील विचारत राहिले, आणि मग त्यांनीही विचारायचं सोडलं.

मागच्या हिवाळ्यात धाकटा तुरुंगातून रजेवर घरी आला. त्याच्या बायकोनं फोन केला, “ताई, येऊन जावा. ते म्हनत्यात, भेटायचंय.” मी आणि नवरा ईटला गेलो, तिथून आत त्यांच्या गावाला. त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. दादापेक्षा उंच, अंगानं बारीक. ओसरीत खाटेवर बसला होता, लुंगी गुडघ्याच्या वर घेतलेली, कारण कापड घासलं की कातडी सोलते. पायांची कातडी ठिकठिकाणी गुलाबी, ताणलेली, आणि उजवा घोटा वळतच नव्हता. मी येताच त्यानं लुंगी खाली ओढायला घेतली. मी म्हटलं, राहू द्या.

माझ्यावर त्याचा राग असेल, अशा तयारीनं मी गेले होते. राग नव्हता. त्याला फक्त शूटिंगचं ऐकायचं होतं. दादा कसा बोलला, किती वेळा चुकला. मी प्रचारसभेसारखं पहिलं वाक्य सांगितलं तर तो मोठ्यानं हसला.

“त्यो पहिल्यापासूनच तसला. लग्नात बी माईक सोडत न्हाय.” मग हसू गेलं. “अजून लावत्यात तो. नवा मानूस भिशीला आला की बसवत्यात. अन् लावायच्या आदी जेलरसाहेब माझं नाव सांगतेत. म्हनतेत, ह्यो व्हिडिओ बगूनबी एकानं असं केलं, आता त्येचे पाय जाऊन बगा. मग ती पोरं माझ्याकडं येत्यात, पाय बगायला.”

“आता बूट आहेत का?”

“आलते. दोन जोड. साहेबांच्या खोलीत हायेत. पाहनी असली की काढतेत.”

त्याची बायको आतून खव्याची वाटी घेऊन आली. घरच्या भट्टीचा, अजून कोमट. मी विचारलं, दादा कुठायत?

ती नवऱ्याकडं बघायला लागली. तो म्हणाला, “भट्टीवर. म्या आल्यापासून त्यो भट्टीवरच झोपतो. जेवन तिकडंच नेऊन द्यावं लागतं. म्या हाक मारली तर येतो, उभा ऱ्हातो, जातो. माझ्यासमोर बसत न्हाय. म्या त्येला एक शब्द बोललो न्हाय, ताई. तुमच्या गळ्याची आन. म्या म्हनलं बी, तुझा काय दोष? तर त्यो म्हनला, व्हय, व्हय, आन् गेला उठून.”

एवढी वर्षं जाळीच्या दोन बाजूंनी भेटलेली ही दोन माणसं. आता मध्ये जाळी नव्हती, आणि एकमेकांसमोर बसणं होत नव्हतं.

आम्ही निघालो तेव्हा सूर्य कलला होता. गावाबाहेर रस्त्याकडंला भट्टीचा धूर दिसत होता. नवऱ्यानं न सांगताच गाडी हळू केली. दादा कढईजवळून उठून रस्त्यावर आला. केस आता पांढरे होते, सगळेच. अंगात साधी बनियन. त्यानं खिडकीवर हात ठेवला, कशी आहात वगैरे काही विचारलं नाही.

“ताई, एक काम व्हतं. त्या पिक्चरमधनं माझं तोंड काढता येतंय का? बाकीचं ऱ्हाऊ द्या. नुसतं माझं तोंड अन् आवाज.”

“येतं, दादा. पण तो आता माझ्या हातात नाही. त्यांच्याकडं आहे.”

“दुसरं कुनाचं बी लावा म्हनावं. लोकं कमी हायेत का?”

“मी लिहून बघते त्यांना.”

“लिव्हा,” तो म्हणाला. मागं कढईत दूध वर यायला लागलं होतं. तो वळला आणि धावतच तिकडं गेला. पायात काही नव्हतं.

मी घरी आल्यावर एजन्सीला लिहिलं. पंधरवड्यानं आठवण म्हणून पुन्हा लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही.